स्ट्रासबर्गच्या दारातून अर्ज परत का फिरतात?

युरोपीय मानवाधिकार न्यायालय १९५९ पासून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात आहे. तिथे येणाऱ्या बहुतांश अर्जांत मूळ तक्रारीचा विचारच होत नाही. ते आधीच अग्राह्य ठरतात. खरा अन्याय सोसलेला माणूस केवळ अटी ठाऊक नसल्याने रिकाम्या हाती परतू नये, म्हणून हे गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज : हे न्यायालय युरोपीय संघाचे आहे आणि फक्त तिथल्या नागरिकांसाठी आहे.
वस्तुस्थिती : युरोपीय संघाचे न्यायालय लक्झेंबर्गला आहे. स्ट्रासबर्गचे न्यायालय ४६ देशांच्या युरोप परिषदेचे. म्हणूनच संघातून बाहेर पडलेले ब्रिटन आजही त्याच्या कक्षेत आहे. नागरिकत्वाची अट नाही. लंडनमध्ये राहणारा, भारतीय पासपोर्ट असलेला मराठी माणूसही ब्रिटनविरुद्ध अर्ज करू शकतो. मात्र तक्रार राज्यसंस्थेविरुद्धच हवी. घरमालक किंवा खासगी कंपनीविरुद्ध चालत नाही.

गैरसमज : थेट स्ट्रासबर्गला जाता येते.
वस्तुस्थिती : आधी त्या देशातले न्यायालयीन मार्ग संपवावे लागतात. हवामानबदलाबद्दल पोर्तुगालच्या सहा तरुणांनी ३३ देशांविरुद्ध केलेला अर्ज ९ एप्रिल २०२४ रोजी अग्राह्य ठरला. पोर्तुगालमधल्या न्यायालयांत ते आधी गेले नव्हते आणि उरलेल्या देशांच्या अधिकारकक्षेत ते येत नव्हते. पण देशातला मार्ग नावापुरताच असेल, तर ही अट आड येत नाही. सुरक्षा दलांनी घरे जाळल्याच्या ‘अक्दिवार विरुद्ध तुर्कस्तान’ प्रकरणात १९९६ मध्ये न्यायालयाने हेच मान्य केले.

गैरसमज : जनहित याचिकेप्रमाणे कुणीही अर्ज करू शकतो.
वस्तुस्थिती : अर्जदाराला स्वतःला झळ बसलेली असावी लागते. ९ एप्रिल २०२४ रोजीच स्वित्झर्लंडच्या ज्येष्ठ महिलांच्या संघटनेचा हवामानबदलाबद्दलचा अर्ज ग्राह्य ठरला, पण स्वतःला तेवढी झळ बसल्याचे न दिसल्याने चार महिलांचे वैयक्तिक अर्ज फेटाळले गेले. संघटनेला मिळालेली ही मुभा हवामानबदलाच्या खटल्यांपुरती आणि ठरावीक अटींवर आहे.

गैरसमज : अर्जाला सहा महिने मिळतात.
वस्तुस्थिती : १ फेब्रुवारी २०२२ पासून मुदत चार महिन्यांची आहे. ती देशातल्या अंतिम निकालापासून मोजतात. अपुरा भरलेला किंवा कागदपत्रे न जोडलेला अर्ज साधारणपणे मुदतीत धरला जात नाही.

गैरसमज : हे सर्वांत वरचे अपील न्यायालय आहे.
वस्तुस्थिती : देशातला निकाल चुकीचा वाटतो, एवढे कारण पुरत नाही. युरोपीय मानवाधिकार करारातल्या कोणत्या हक्काचा भंग झाला, हे दाखवावे लागते. हे न्यायालय देशातला निकाल रद्दही करत नाही. ते भंग झाला की नाही हे ठरवते आणि भरपाई देऊ शकते.

अर्जाला शुल्क नाही आणि सुरुवातीला वकीलही सक्तीचा नाही. पण अग्राह्यतेच्या निर्णयावर अपील नाही. म्हणून देशातल्या खटल्यातच हक्कभंगाचा मुद्दा मांडा, अंतिम निकालाची तारीख लिहून ठेवा आणि फॉर्ममधला प्रत्येक रकाना भरूनच अर्ज टपालात टाका.