टेकूवरचे घर

गेल्या पावसाळ्यात लालबागच्या आमच्या चाळीच्या गॅलरीला लोखंडी टेकू लागले. त्यानंतर महिन्याभराने बाबांनी पुनर्विकासाचे छापील संमतिपत्र माझ्यापुढे ठेवले. "तू कॉलेजात जातेस, वाच बघू काय लिहिलंय ते," म्हणाले. आमच्या घरात कायद्याचा कागद वाचण्याची पाळी प्रथमच कोणावर आली होती. तो समजून घेताना जे उमगले, ते येथे मांडते.

"मालक मेला लक्षच देत नाही," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. वासे कुजले, सामायिक संडासाची भिंत फुगली. मालक आम्हांला भेटतो तो फक्त भाडेपावतीवर. पण तो असा का वागतो, हे मी कधी विचारले नव्हते.

उत्तराचा पहिला धागा १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात आहे. त्या काळी जागेची भीषण टंचाई होती. भाडेकरू रस्त्यावर येऊ नये म्हणून जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली गेली. हेतू रास्त होता. १९८२ च्या संपात गिरणी सुटूनही आजोबांचे बिऱ्हाड लालबागेत टिकले, ते याच कायद्यामुळे. परंतु भाडे गोठले, तरी लाकूड, सिमेंट आणि मजुरी काही गोठली नाही. दुरुस्ती मालकाला आतबट्ट्याची झाली. भाड्यात न मिळणारा पैसा तो पागडीतून वसूल करू लागला. १९९९ च्या नव्या कायद्याने भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. पण मूळ रक्कमच किरकोळ, तिच्या ४ टक्क्यांत एक वासाही बदलत नाही.

१९६९ मध्ये सरकारने कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमले आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. मंडळ दुरुस्ती करते, पण त्या खर्चालाही मर्यादा आहे.

दुसरा धागा जमिनीचा. १९९१ च्या विकास नियमावलीने उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्बांधणीसाठी जादा चटईक्षेत्र दिले. जुन्या रहिवाशांना घरे देऊन उरलेली घरे बाजारभावाने विकता येऊ लागली. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले, तसा हा भाव आणखी चढला. म्हणजे उभ्या चाळीपेक्षा मोकळी जमीन मोलाची ठरली. पूर्वी दुरुस्ती परवडत नव्हती. आता गळके छप्परच परवडू लागले!

याची किंमत कोण मोजतो? ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळली आणि ३० हून अधिक माणसे गेली. त्या वस्तीचा पुनर्विकास तेव्हा सुरू झालेला होता. लोक धोकादायक घर का सोडत नाहीत, असे वर्गात एकाने विचारले. कारण खोली सोडली की हक्क सुटेल, ही भीती. वास्तविक इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले आहे. पण संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षे अडकलेली माणसे पाहिली, की निकालाचा धीर पुरत नाही.

पुनर्विकासात आज किमान ३०० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने मिळते. आमची खोली १२० फुटांची. आई तर स्वतंत्र संडासाच्या नावानेच हरखते. परंतु मनोऱ्यात लिफ्ट, पंप, पहारेकरी यांचा देखभाल खर्च दरमहा येतो. पलीकडच्या चाळीतील माझ्या दोन मैत्रिणींची घरे तो न झेपल्याने विकली गेली. एक आता बदलापूरला, एक विरारला. त्यांना कोणी हाकलले नाही, तरी त्या गेल्याच.

म्हणून संमतिपत्राच्या मागे मी चार प्रश्न लिहिले : करारनामा नोंदणीकृत आहे का? बांधकाम होईपर्यंतचे भाडे आगाऊ मिळेल का? ताबा कोणत्या तारखेला? आणि देखभालीसाठी रहिवाशांच्या नावे ठेव किती? चाळीच्या सभेत बाबांनी ते मोठ्याने वाचले. उत्तरे अजून आलेली नाहीत. सहीही झालेली नाही. टेकू मात्र अजून तेथेच आहेत, आणि जून जवळ येतो आहे.