‘पी हळद नि हो गोरी’: भाषेच्या विद्यार्थ्याने अर्थशास्त्र कुठून सुरू करावं?

मराठी किंवा हिंदी घेऊन बी.ए., एम.ए. करणाऱ्यांना अर्थशास्त्र म्हटलं की आलेख आठवतात आणि पुस्तक मिटतं. हिंगोली जिल्ह्यात तरी आलेखापासून सुरुवात करायची गरज नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेतला हा जिल्हा हळदीचा. इथं कॉलेजची फी आणि बहिणीचं लग्न अनेक घरांत आडतीवरून आलेल्या हिशोबपट्टीवर ठरतं.

भाषेच्या विद्यार्थ्याला सोपं पडेल असं सुरुवातीचं ठिकाण म्हणजे ‘भाव’ हा शब्द. भक्तीतही भाव, नाटकातही भाव आणि बाजारातही भाव. संत नामदेवांचं जन्मस्थान मानलं जाणारं नर्सी हिंगोली तालुक्यातच आहे. तिथला भाव मनात असतो. मोंढ्यातला भाव मनात नसतो. घरी कितीही खर्च आला असला तरी लिलावात खरेदीदार जी बोली लावेल तोच भाव. घेणारे किती, ही मागणी. आलेला माल किती, हा पुरवठा.

तसंही मराठी अर्थशास्त्राची सुरुवात भाषेच्या माणसांनीच केली. लोकहितवादींचं ‘लक्ष्मीज्ञान’ 1849 चं. 1855 मध्ये ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ लिहिणारे कृष्णशास्त्री चिपळूणकर मराठी व्याकरणावरही लिहीत होते.

आता म्हणीकडे येऊ. हळद प्यायली की लगेच गोरं व्हायचं, ही घाई बाजारात चालत नाही. हळद मे-जूनमध्ये लावतात, काढणीला आठ-नऊ महिने जातात. मग शिजवणं, वाळवणं, पॉलिश. त्यामुळे आज भाव चढला म्हणून उद्या जास्त हळद बाजारात येत नाही. अर्थशास्त्र याला पुरवठा ‘अलवचिक’ असणं म्हणतं. गंमत पुढं आहे. चढा भाव बघून गावोगाव हळदीचं क्षेत्र वाढतं, पुढच्या हंगामात सगळ्यांचा माल एकदमच येतो आणि भाव बसतो. प्रत्येकाचा निर्णय शहाणपणाचा, एकत्र परिणाम तोट्याचा!

शेजारच्या शेतातल्या सोयाबीनला केंद्राचा हमीभाव जाहीर होतो, हळदीला नाही. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्याने नाव मिळतं, दराची खात्री मिळत नाही.

मग विकायची की ठेवायची? वाळवलेली हळद टोमॅटोसारखी नासत नाही, म्हणून हा प्रश्न तरी पडतो. पण घरात पैसा लागतोच. अशा वेळी कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना कामी येते: बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, वर्षाला 6 टक्के व्याजाने, सहा महिन्यांसाठी.

समजा 10 क्विंटल हळद आहे आणि आजचा भाव क्विंटलला 12,000 रुपये. माल झाला 1,20,000 चा, कर्ज मिळेल 90,000. सहा महिन्यांचं व्याज 2,700, म्हणजे क्विंटलमागे 270 रुपये. थांबण्याची किंमत ती हीच. आज विकून हातात आलेल्या पैशातून खासगी सावकाराचं महाग कर्ज फिटत असेल, तर वाचणारं ते व्याजही यात धरायचं. त्याला ‘संधी खर्च’ म्हणतात, आणि तो कुठल्याच पट्टीवर लिहिलेला नसतो. सहा महिन्यांनी भाव 12,200 झाला, तर शेतकरी गावात सांगेल की 200 रुपये जास्त मिळाले. प्रत्यक्षात त्याचे क्विंटलमागे निदान 70 रुपये गेलेले असतील.