चौविहार, डबा आणि दिवाळीचा हंगाम

आषाढ शुद्ध चतुर्दशीस चातुर्मास सुरू होतो, तेव्हा मुंबईत सूर्यास्त सुमारे ७.२० वाजता होतो. घाटकोपर-मुलुंडच्या तरुण दांपत्यास चौविहाराचा नियम त्या वेळी सुकर वाटतो. मशीद बंदरच्या पेढीवरून सहापूर्वी निघालेला पती लोकलने वेळेत घरी पोहोचतो आणि दोघे एकत्र भोजन करतात.

पुढे पर्युषण येते, आश्विनात नऊ दिवसांची आयंबिल ओळी येते. दिवस मात्र आखडत जातो. दिवाळीच्या सुमारास सूर्य सहानंतर लगेच मावळतो. सव्वा तास हातचा जातो, आणि नेमका तोच ऐन विक्रीचा व वहीपूजनाचा काळ असतो. मग नियम टिकतो तो पेढीवर नेलेल्या डब्याच्या आधारे.

हा डबा करणारी पत्नीही आज पुष्कळदा नोकरी वा व्यवसाय सांभाळते. एकाचा नियम केवळ दुसऱ्याच्या पहाटेच्या श्रमांवर उभा असेल, तर त्यास घराचा नियम कसे म्हणावे? शिवाय एकत्र भोजन सुटते, ते वेगळेच.

उपाय परंपरेतच आहे. नवकारसीचे पच्चक्खाण सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी पारले जाते. दिवाळीत ती वेळ साडेसातच्या आसपास येते. डबे दोघांनी मिळून भरावेत आणि नवकारसी एकत्र पारावी. संध्याकाळी हरवलेली पंगत सकाळी पुन्हा बसेल.