उसाचा भाव कोणी ठरवायचा : दिल्लीने की जिनिव्हाने?

शाळेतून आलेल्या मुलाचे पाठ्यपुस्तक जरा हातात घ्या. सुरुवातीच्या पानांवर राज्यघटनेची उद्देशिका छापलेली दिसेल. तीत आपल्या देशाला जी विशेषणे लावली आहेत, त्यांतले पहिले आहे 'सार्वभौम'. उद्या मुलाने विचारले, "बाबा, सार्वभौम म्हणजे काय?" तर आपण काय सांगाल?

सोपे उत्तर असे : ज्याच्या डोक्यावर दुसरा धनी नाही, तो सार्वभौम. सातबाऱ्यावर आपले नाव असले की त्या रानात काय पेरायचे ते आपण ठरवतो. शेजाऱ्याने बांध कोरला तर जाब विचारतो. देशाचेही तसेच. युरोपात तीस वर्षे चाललेल्या लढाया थांबवून १६४८ साली वेस्टफालियाचे तह झाले. आपापल्या मुलखात ज्याचा त्याचा अधिकार, दुसऱ्याने त्यात ढवळाढवळ करू नये, या विचाराची सुरुवात पुष्कळ अभ्यासक तेथून धरतात. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनेही लहानमोठ्या सर्व देशांचे सार्वभौमत्व सारखेच मानले आहे.

पण वाचकहो, सातबारा आपल्या नावावर असला तरी पाटाचे पाणी कधी सुटणार आणि बाजारात भाव काय निघणार, हे आपल्या हाती नसते. देशाच्या बाबतीतही सरहद्द शाबूत असली म्हणजे सगळे निर्णय आपल्या हाती राहतात, असे नाही.

मिलोचे दिवस

घरातल्या वडीलधाऱ्यांना रेशनवरच्या तांबड्या मिलोची चव अजून आठवत असेल. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य परदेशातून आणावे लागले. त्यातला मोठा हिस्सा अमेरिकेच्या 'पी. एल. ४८०' या कायद्याखाली येई. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी त्या काळात गव्हाला एकदम मंजुरी न देता थोडी थोडी दिली. भारताने शेतीचे धोरण बदलावे असा त्यांचा आग्रह होता आणि व्हिएतनाम युद्धावर भारत करीत असलेली टीकाही त्यांना रुचत नव्हती.

परक्या सैन्याने सरहद्द ओलांडली नव्हती. तरीही आपल्या चुलीचा निर्णय दुसऱ्याच्या हाती गेला होता. या धड्यातून आपण शिकलो. १९६५ मध्येच अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग स्थापन झाले होते. पुढे सुधारित गव्हाचे बियाणे आले, कोठारे भरली. तेव्हा हमीभाव आणि सरकारी खरेदी ही केवळ शेतकऱ्याला केलेली मदत नव्हे. देशाने पुन्हा कोणापुढे झोळी पसरू नये, यासाठी केलेली ती तजवीज आहे.

सही आपलीच होती

एप्रिल १९९४ मध्ये मोरोक्कोतील माराकेश येथे जागतिक व्यापाराचा मोठा करार झाला. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. तिचे मुख्यालय जिनिव्हात आहे. भारत तिचा पहिल्यापासूनचा सदस्य. कोणी तलवार दाखवून आपली सही घेतली नाही. कारखान्याचे सभासद झाले की हक्क मिळतात, पण पोटनियमही पाळावे लागतात. तसाच हा प्रकार.

पोटनियम मात्र असे होते. शेतमालाचा सरकारने ठरवलेला भाव आणि १९८६ ते १९८८ या काळातला आंतरराष्ट्रीय भाव यांतला फरक काढायचा, त्याला मालाने गुणायचे आणि येईल त्या आकड्याला 'मदत' म्हणायचे. भारतासारख्या देशाने ही मदत त्या पिकाच्या एकूण किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही. श्रीमंत देश पूर्वीपासून भरमसाट मदत देत होते, म्हणून पुढेही बरीच मोठी मदत देण्याची मुभा त्यांना मिळाली. ज्यांनी पूर्वी फारसे दिले नव्हते, त्यांचे हात बांधले गेले.

उसाचा खटला

या नियमाची झळ आपल्या उसापर्यंत आली. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली केंद्र सरकार उसाचा किमान भाव ठरवते. यालाच आपण एफआरपी म्हणतो. २०१४-१५ साली तो क्विंटलला २२० रुपये होता, २०१८-१९ साली २७५ रुपये. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या ऊसवाल्या देशांनी २०१९ मध्ये जिनिव्हात तक्रार केली, की भारत उसाला मर्यादेबाहेर मदत देतो आणि साखरेच्या निर्यातीला अनुदानही देतो.

भारताचे म्हणणे होते, की उसाचे पैसे कारखाने देतात, सरकार नव्हे. मग ही सरकारी मदत कशी? डिसेंबर २०२१ मध्ये पंचमंडळाने निकाल दिला, की पैसे कोणीही दिले तरी भाव सरकारने ठरवला म्हणजे ती मदतच. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत मर्यादा ओलांडली गेली, असे त्यांनी ठरवले. निर्यातीच्या अनुदानावरही निकाल विरुद्ध गेला.

भारताने अपील केले. पण अपील ऐकणार कोण? तेथील अपील मंडळात सात सदस्य असतात आणि एक प्रकरण ऐकायला तिघे लागतात. अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्याने डिसेंबर २०१९ पासून मंडळाचे काम ठप्प झाले होते. त्यामुळे अपील अडकले आणि निकाल भारतावर बंधनकारक झाला नाही. आपल्याला हायसे वाटले, हे खरे. परंतु एका बलाढ्य देशाने मनात आणले तर सगळ्यांचे न्यायालय बंद पडते, हेही यात दिसले. उद्या तक्रार आपली असेल, तेव्हा हीच गोष्ट आपल्याला बोचेल.

दुसऱ्या बांधावरून पाहू

ब्राझीलच्या ऊसवाल्याचीही बाजू आहे. अनुदानाची साखर जगाच्या बाजारात ओतली की भाव पडतो आणि त्याच्या घरी तोटा होतो. शिवाय आपली द्राक्षे युरोपात जातात, तांदूळ आखातात जातो. काहीच नियम नसतील तर गिऱ्हाईक मनाला येईल तेव्हा दार लावील. म्हणून 'बाहेर पडा' म्हणणे सोपे असले तरी ते शहाणपणाचे नाही.

सभासद राहूनही आपले म्हणणे लावून धरता येते. २०१३ साली अन्न सुरक्षा कायदा झाला. त्याच वर्षी बाली येथील परिषदेत, सरकारी धान्यसाठ्यावरून खटले भरायचे नाहीत, अशी तात्पुरती सवलत मिळाली. तिची मुदत स्पष्ट नव्हती. म्हणून जुलै २०१४ मध्ये भारताने दुसऱ्या एका करारावर पुढे जायला नकार दिला. नोव्हेंबरात मान्य झाले, की कायमचा तोडगा निघेपर्यंत ही सवलत चालू राहील. पुढे २०१८-१९ च्या हंगामात भाताची मदत १० टक्क्यांच्या वर गेली, तेव्हा हीच ढाल उपयोगी पडली.

आपण काय करायचे?

परदेशाशी करार करण्यापूर्वी संसदेची मंजुरी घेतलीच पाहिजे, असे बंधन आपल्या घटनेत नाही. शेती हा विषय घटनेने राज्यांकडे दिला आहे, पण शेतीवरच्या कराराची सही दिल्लीत होते. म्हणून सही होण्यापूर्वीच विचारायला हवे. दूध, कापूस, सोयाबीन, डाळ यांच्या आयातीचा नवा करार होत असल्याचे वाचलेत, तर आपल्या खासदाराला, आमदाराला गाठा. यात आमच्या पिकाचे काय ठरले, किती साली, कोणत्या भावाशी तुलना होणार, हे विचारा. ग्रामसभेत हा विषय काढा. शेजारणी-शेजारणींनीही बोला, कारण उसाच्या बिलावर शाळेची फी आणि लेकीचे लग्न अवलंबून असते.

कर्जाच्या कागदावर न वाचता अंगठा उठवणाऱ्या आपल्या आज्यापणज्यांची रानं सावकाराकडे कशी गेली, हे आपण विसरलेलो नाही. देशाच्या कागदालाही तोच न्याय लागू.

तेव्हा मुलाने विचारले तर सांगा : बाळ, सार्वभौम म्हणजे कोणाशीच न बांधलेला असा नव्हे. कोणाशी, किती आणि कोणत्या अटीवर बांधून घ्यायचे, हे वाचून, विचार करून जो स्वतः ठरवतो, तो सार्वभौम.