गव्हात लपलेलं तण

देशाच्या धान्यकोठारात पंजाब-हरियाणाच्या गव्हाचा वाटा मोठा आहे. पण या गव्हाला एका तणाने वर्षानुवर्षं सतावलं आहे. त्याचं नाव गुल्ली डंडा. हरियाणात त्यालाच मंडूसी म्हणतात. कोवळेपणी ते अगदी गव्हाच्या रोपासारखं दिसतं. त्यामुळे खुरपणी करणाऱ्या अनुभवी बायकांचीही फसगत होते. ओंबी आल्यावर ओळख पटते, पण तोवर पिकाचं खतपाणी त्याने फस्त केलेलं असतं.

तण का माजलं?

1960च्या दशकाच्या अखेरीस हरितक्रांतीबरोबर बुटक्या जातीचा गहू आला. उत्पादन वाढलं, पण ठेंगण्या पिकाची सावली तणावर पुरेशी पडेना. त्यातच भातानंतर गहू आणि गव्हानंतर पुन्हा भात असं चक्र सुरू झालं. भाताच्या शेतातली ओल या तणाला चांगलीच मानवली.

एकाच औषधावर भिस्त

खुरपणीला मजूर मिळेनात, तेव्हा आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक शेतकऱ्यांना वरदान वाटलं. मात्र दरवर्षी तेच औषध फवारलं गेलं. प्रत्येक फवारणीत बहुतेक तण मरायचं, पण तग धरलेल्या मोजक्या रोपांचं बी शेतात पडायचं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तर औषध चालेनासंच झालं. काही शेतकऱ्यांना हिरवा गहू कापून जनावरांना घालावा लागला. पुढे नवी औषधं आली, पण कालांतराने त्यांचाही प्रभाव कमी झाला.

उपाय काय?

* ऑक्टोबरअखेर लवकर पेरणी करा. या तणाला उगवायला थंडी लागते, तोवर गहू पुढे निघून जातो.
* नांगरट न करता पेरा. माती उलथली नाही, तर तण कमी उगवतं.
* भाताचा पेंढा न जाळता हॅपी सीडर यंत्राने त्यातच गहू पेरा. पेंढ्याच्या आच्छादनाखाली तण दबतं आणि धूरही टळतो.
* अधूनमधून बरसीम घ्या. चाऱ्यासाठी वारंवार कापणी होते, त्यामुळे तणाला बी धरता येत नाही.
* तणनाशकाचा गट आलटून पालटून वापरा.

तुमची शेती गावी असेल आणि ती दुसरं कोणी कसत असेल, तर यंदा उत्पन्नाबरोबर आणखी एक गोष्ट विचारा : गेल्या तीन वर्षांत कोणतं तणनाशक फवारलं? तिन्ही वर्षं एकच नाव ऐकू आलं, तर पेरणीआधीच कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्या.