थर : दूरचित्रवाणीवरील दहीहंडी आणि तिच्या प्रेक्षकाची भाषा

गोपाळकाल्याच्या दिवशी दुपारपासून रात्री उशिरापर्यंत मराठी वृत्तवाहिन्या ठाण्यातील मोठ्या दहीहंड्यांचे थेट प्रक्षेपण करीत असतात. टेंभी नाका, वर्तकनगर, जांभळी नाका, नौपाडा ही नावे त्या दिवशी ठाण्याबाहेरच्या घरांतही ओळखीची होतात. कल्याण-डोंबिवलीतील पुष्कळ कुटुंबे आपल्या चौकातील चार-पाच थरांची हंडी गॅलरीतून पाहतात, आणि आठ-नऊ थरांची हंडी पाहण्यासाठी पुन्हा दूरचित्रवाणीसमोर येऊन बसतात. या प्रेक्षकांत एक लहानसा पण निष्ठावान वर्ग असा आहे की, जो हा प्रकार केवळ उत्सव म्हणून पाहत नाही. कोणत्या पथकाने कोणत्या साली किती थर लावले, कोणते पथक कितव्या थराला डळमळते, कोणाची चढण्याची पद्धत कशी आहे, हे त्याला मुखोद्गत असते. क्रिकेटच्या शौकिनाला धावसंख्या जशी पाठ असते तसाच हा प्रकार होय. या वर्गाच्या तोंडी जी भाषा घडली आहे तिचा, विशेषतः तिच्यातील क्रियापदांचा, विचार येथे करावयाचा आहे. कारण ही भाषा खेळातील काही गोष्टी फार स्पष्टपणे दाखवते आणि काही गोष्टी तितक्याच निश्चितपणे दृष्टीआड करते.

अडथळ्यांची शर्यत हा शब्द मराठी शाळांच्या क्रीडामहोत्सवांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. ती शर्यत दूरचित्रवाणीवर येऊन तिला स्वतंत्र भक्तवर्ग लाभला तो मुख्यतः जपानमुळे. ‘ताकेशीज कॅसल’ या नावाने जगभर गेलेला कार्यक्रम जपानमध्ये १९८६ साली सुरू झाला. भारतात ‘पोगो’ ही वाहिनी २००४ साली निघाली आणि तिच्यावर हा कार्यक्रम जावेद जाफरी यांच्या हिंदी समालोचनासह दाखविला गेला. आज तिशी-पस्तिशीत असलेल्या ठाणे-डोंबिवलीकरांच्या पिढीला तो चांगलाच आठवतो. त्या समालोचनाला भाषांतर म्हणता येणार नाही. मूळ जपानी बोलणे बाजूला सारून त्या चित्रांवर मुंबईच्या हिंदीत एक नवीनच कथन रचलेले होते. स्पर्धक चिखलात वा पाण्यात पडे आणि प्रत्येक पडण्याला एक विनोद मिळे. पडणाऱ्याला इजा होत नाही, हे येथे गृहीतच होते. १९९७ साली सुरू झालेला ‘सासुके’ हा दुसरा जपानी कार्यक्रम याहून गंभीर प्रकृतीचा. शंभर स्पर्धक, चार टप्पे आणि बहुतेक स्पर्धांत अखेरचा टप्पा कोणीच पार न करणे, असे त्याचे स्वरूप आहे. १९९९ साली काझुहिको अकियामा या खेकडे पकडणाऱ्या कोळ्याने तो सर्वप्रथम पूर्ण केला. या कार्यक्रमाचा भक्त प्रत्येक अडथळ्याला नावाने ओळखतो. अडथळ्याला नाव आहे म्हणूनच कोण कोठे अडले हे त्याला सांगता येते आणि लक्षातही ठेवता येते.

दहीहंडीत असा बाहेर उभा केलेला अडथळा नसतो. उंची आणि आपल्याच सोबत्यांचे वजन हाच तेथला अडथळा. म्हणून तेथे नाव मिळाले आहे ते अडथळ्याला नव्हे, तर त्याच्या मापाला. आणि ते माप म्हणजे ‘थर’. संस्कृत ‘स्तर’ या शब्दापासून आलेला हा शब्द मराठीत धुळीचा, सायीचा, भाताचा, विटांचाही असतो. माणसांच्या रचनेला तो लावताना भाषेने माणसांना एका सपाट पातळीत बसविले. थरातील माणसे सुटी राहत नाहीत. ‘चौथा थर हलला’ असे म्हटले जाते. चौथ्या थरातील तिघांपैकी कोण हलला, हे सहसा बोलले जात नाही. वृत्तपत्रांनी या शब्दाची ‘थरार’ या शब्दाशी सांगड घालून ‘थरांचा थरार’ हे शीर्षक इतक्या वेळा छापले आहे की, दोन्ही शब्द एकाच धातूचे असावेत असा समज व्हावा. वस्तुतः ‘थरार’ हा ‘थरथर’ या अनुकरणवाचक शब्दाच्या कुळातला आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही सांगड खोटी असली, तरी पाहण्याच्या दृष्टीने ती अगदीच निराधार नाही. मुरलेला प्रेक्षक वर चढणाऱ्या मुलाकडे पाहतच नाही. तो खालच्या थरांतील गुडघ्यांची थरथर पाहतो, आणि मनोरा टिकेल की नाही हे कॅमेऱ्याच्या आधी ओळखतो.

थर हे माप प्रेक्षकाचे झाले. कायद्याचे माप वेगळे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये हंडीची उंची २० फुटांपेक्षा अधिक असू नये आणि १८ वर्षांखालील मुलांना चढवू नये असा आदेश दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयात त्याची तीव्रता कमी झाली, २०१६ साली ती मर्यादा पुन्हा आली, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीचे बंधन काढून १४ वर्षांखालील मुलांच्या सहभागाला मनाई कायम ठेवली. या वर्षांत दूरचित्रवाणीवर जी चर्चा झाली तिच्यात दोन्ही पक्ष एकमेकांना नीट समजत नव्हते, याचे एक कारण मापांच्या या भिन्नतेत आहे. न्यायालय फुटांत बोलत होते आणि गोविंदा थरांत. जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने २०१२ साली ठाण्यात नऊ थर लावले तेव्हा त्यांची उंची ४३.७९ फूट नोंदली गेली. म्हणजे थरामागे पाच फुटांहून किंचित कमी. या हिशेबाने २० फूट म्हणजे जेमतेम चार थर. ‘वीस फूट’ हा आकडा कागदावर संयमित वाटतो, पण ‘चार थर’ म्हटले की ठाण्याच्या प्रेक्षकाला तो गल्लीतील हंडीचा आकडा वाटतो. एकाच मर्यादेचा अर्थ एका भाषेत सुरक्षितता असा होत होता, तर दुसऱ्या भाषेत खेळच संपला असा.

आता क्रियापदांकडे वळू. मराठीत ‘लागणे’ आणि ‘लावणे’ ही अकर्मक-सकर्मक जोडी आहे, तशीच ‘फुटणे’ आणि ‘फोडणे’, ‘उतरणे’ आणि ‘उतरवणे’. दहीहंडीच्या बोलीत या जोड्या नेमकेपणाने वापरल्या जातात. ‘पथकाने आठ थर लावले’ यात कर्ता आहे, श्रेय आहे. ‘आठ थर लागले’ यात केवळ घडून आल्याची नोंद आहे. एखादे पथक अनपेक्षितपणे यशस्वी झाले की हे रूप अधिक ऐकू येते. हंडी ‘फोडली’ जाते. ती आपोआप ‘फुटली’ असे सहसा कोणी म्हणत नाही. पण मनोरा पडतो तेव्हा क्रियापद ठरलेले असते : ‘थर कोसळले’. येथे ‘कोसळणे’ या अकर्मक क्रियापदाची सकर्मक जोडी वापरात नाही. दरड कोसळते, पाऊस कोसळतो, इमारत कोसळते आणि थर कोसळतात. निसर्गाच्या आणि अपघाताच्या वर्गात ही घटना जाऊन बसते. जितके थर ‘लावले’ तितक्यांचा कर्ता वाक्यात सापडतो. ‘कोसळलेल्या’ थरांना कर्ता नसतो. सराव किती झाला होता, खालच्या घेऱ्यात माणसे पुरेशी होती का, संयोजकांनी रात्री अकराव्या ठिकाणाहून आलेल्या थकलेल्या पथकाला वर चढू द्यावयास हवे होते का, हे प्रश्न त्या वाक्यरचनेतून उद्भवतच नाहीत.

याहून महत्त्वाची उणीव उतरण्याविषयीची आहे. बहुतेक मोठी पथके ठाण्यात हंडी फोडण्यापेक्षा ‘सलामी’ देण्यासाठी येतात. सर्वांत वरचा बालगोविंदा सरळ उभा राहून हात उंचावतो, ती सलामी. त्या क्षणी ध्वनिक्षेपकावरून आकडा जाहीर होतो, गर्दी ओरडते, आणि कॅमेरा मनोऱ्यावरून निघून व्यासपीठाकडे किंवा गर्दीकडे वळतो. खेळ पूर्ण झाला अशी प्रेक्षकाची समजूत होते. प्रत्यक्षात नऊ थरांची माणसे अद्याप वरच असतात आणि ज्यांच्या खांद्यांनी इतका वेळ भार वाहिला ते आता सर्वाधिक थकलेले असतात. घरी बसलेल्या निष्ठावान प्रेक्षकाची वाहिन्यांवर एक नेहमीची तक्रार असते, ती हीच की ‘उतरताना दाखवत नाहीत’. तक्रार रास्त आहे. चढणे हे धाडस असेल, तर उतरणे हे कौशल्य आहे आणि पथकाची खरी पारख तेथेच होते.

या बाबतीत स्पेनमधील कातालोनिया प्रांताशी तुलना उद्बोधक ठरते. तेथे ‘कास्तेय’ नावाचे मानवी मनोरे रचण्याची परंपरा आहे. युनेस्कोने २०१० साली तिला मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. ठाण्यातील २०१२ चा विक्रम हा त्याच प्रांतातील १९८१ सालच्या नोंदीला मागे टाकणारा म्हणून गाजला. (तेथे १९९८ सालीच दहा थरांचा मनोरा उभा राहिला होता, ही गोष्ट आपल्याकडील बातम्यांत फारशी आली नाही.) कातालान भाषेत या खेळाची परिभाषा फार काटेकोर आहे. ‘नवापैकी तीन’ अशा अर्थाच्या पदाने मनोरा नऊ मजल्यांचा असून प्रत्येक मुख्य मजल्यावर तीन माणसे आहेत हे एका दमात सांगितले जाते. मराठीत केवळ ‘नऊ थर’ म्हटल्याने रचना कळत नाही. कमी माणसांचा, म्हणून अधिक अवघड, आणि भरभक्कम, म्हणून सोपा, असे दोन्ही मनोरे एकाच शब्दात जातात. त्याहून मोलाचा भेद पुढचा. मनोऱ्याचे टोक गाठले पण उतरताना तो पडला, तर कातालान त्याला ‘कार्रेगात’ म्हणजे भरलेला म्हणतात. टोक गाठून सर्वजण सुखरूप खाली आले तर ‘देस्कार्रेगात’ म्हणजे उतरवलेला. स्पर्धेत दुसऱ्याला अधिक गुण मिळतात. ओझे वाहणाऱ्याच्या व्यवहारातील शब्दांची ही जोडी आहे : माल चढविला आणि माल उतरविला. ओझे खाली ठेवल्यावाचून हमालाचे काम झाले असे कोणी म्हणत नाही.

अशी जोडी मराठीत घडू शकत नाही असे मुळीच नाही. ‘नऊ थर लावून यशस्वीपणे उतरवले’ हे वाक्य अलीकडे बातम्यांत अधूनमधून आढळते. पण ते वाक्य आहे, संज्ञा नाही. ‘यशस्वीपणे’ हे क्रियाविशेषण गाळले वा उतरवण्याचा उल्लेखच केला नाही, तरी बातमीत काही राहून गेले असे वाचकाला वाटत नाही. जाहीर होणारा आकडा दोन्ही प्रसंगी नऊच असतो. कातालान परिभाषेत मात्र दोन शब्दांपैकी एक निवडावाच लागतो. न निवडता निकाल सांगता येत नाही.

‘बालगोविंदा’ या शब्दाचाही येथे विचार केला पाहिजे. गोविंदा हे देवाचे नाव, ते या दिवसापुरते प्रत्येक खेळाडूचे सामान्यनाम झाले आणि उत्सवालाही तेच लागले. त्याला ‘बाल’ जोडले की सर्वांत वरच्या मुलाचे वय हा कौतुकाचा विषय होतो. कृष्णाच्या बाललीलांची आठवण त्या शब्दात आपोआप येते. न्यायालयाने १८ किंवा १४ असा आकडा सांगितला तेव्हा त्याला या कौतुकाशी झुंजावे लागले. कातालोनियातही टोकावर मूलच असते आणि त्याला ‘एन्शानेता’ हे स्वतंत्र नाव आहे. मात्र २००६ साली एका बालिकेचा पडून मृत्यू झाल्यानंतर तेथे वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर शिरस्त्राण आले. ठाण्याच्या प्रक्षेपणातही आता शिरस्त्राण आणि कमरेला बांधलेला दोर दिसतो. पहिल्या वर्षी ज्यांना तो दोर खटकला, त्यांतील पुष्कळांना आज दोराविना चढणारे मूल पाहवत नाही. प्रेक्षकाची दृष्टी बदलते ती अशीही.

दूरचित्रवाणीने या खेळाला जे दिले ते कमी नाही. गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला पाठमोरी डोकी दिसतात; डोंबिवलीत घरी बसलेल्याला पाचव्या थरातील मुलाच्या चेहऱ्यावरचा ताण दिसतो. पथकांची नावे घरोघरी पोहोचली, महिला गोविंदा पथकांना प्रेक्षक मिळाला. पण समालोचनाची रीत वाहिन्यांनी घेतली ती विनोदी अडथळा-शर्यतीच्या आणि क्रिकेटच्या मधली. मनोरा हलू लागला की आवाज चढतो, कोसळला की तेच दृश्य संथ गतीने चार वेळा दाखविले जाते आणि त्यावर एक मोठा उद्गार येतो. पाण्यात पडणाऱ्या माणसाला ती रीत शोभत होती. येथे खाली पाणी नसते, माणसांचे खांदे आणि रस्ता असतो.

२०२५ साली ठाण्यात जोगेश्वरीच्याच कोकण नगर राजा पथकाने दहा थर लावले आणि नवा आकडा रूढ झाला. ‘नऊ’ या शब्दाभोवती तेरा वर्षे जमलेले वजन एका दिवसात ‘दहा’कडे गेले. त्या रात्रीच्या आणि दरवर्षीच्या बातमीपत्रांत दोन याद्या असतात. पहिलीत पथकाचे नाव, ठिकाण, थर आणि बक्षीस ही माहिती एकत्र येते. दुसरीत ‘जखमी गोविंदा’ या मथळ्याखाली केवळ संख्या असते, आणि तिच्यापुढे रुग्णालयांची नावे. पहिल्या यादीत पडण्याची नोंद नाही व दुसरीत थरांची नाही. त्यामुळे कितव्या थरावरून, चढताना की उतरताना, आणि सलामीच्या आधी की नंतर कोण पडले, हे बारा तास डोळ्यांत तेल घालून बसलेल्या प्रेक्षकालाही या दोन याद्यांवरून काढता येत नाही.