बायबलच्या ज्ञानसाहित्यातील आशा

बायबलच्या ज्ञानसाहित्यातील आशा हा जुन्या करारातील प्रामुख्याने नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक या ग्रंथांत आलेला विचारविषय आहे. इच्छापूर्तीची प्रतीक्षा, पूर्तीनंतरचे समाधान आणि हाती असलेल्या दिवसाचा स्वीकार यांचा परस्परसंबंध त्यात मांडलेला आहे. फळाची खात्री नसतानाही आजचे काम करावे, असे या विचाराचे सार सांगता येते.

संज्ञा

आशेसाठी हिब्रू भाषेत 'तिक्वा' हा शब्द आहे. तो वाट पाहणे या अर्थाच्या धातूशी संबंधित असून, याच रूपाच्या शब्दाचा 'दोरा' असाही अर्थ होतो. ईयोबाच्या सातव्या अध्यायात आयुष्याच्या वेगाची तुलना विणकराच्या धोट्याशी केली आहे. तेथे दोरा संपणे आणि आशा संपणे हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात सूचित होतात. उपदेशक ग्रंथातील 'हेवेल' या शब्दाचा मूळ अर्थ श्वास किंवा वाफ असा आहे. मराठी अनुवादांत त्यासाठी 'व्यर्थ' हा शब्द रूढ झाला. मात्र मूळ शब्दात निरर्थकतेबरोबरच क्षणभंगुरतेचीही छटा आहे.

आशा आणि पूर्ती

नीतिसूत्रे १३:१२ नुसार लांबत गेलेल्या आशेने अंतःकरण आजारी होते, तर पूर्ण झालेली इच्छा जीवनवृक्षासारखी असते. प्रतीक्षेचे दुःख येथे नाकारलेले नाही. उपदेशकाचा दुसरा अध्याय याची दुसरी बाजू दाखवतो. त्यातील निवेदक घरे, द्राक्षमळे, बागा, तळी आणि धन असे सर्व काही मिळवतो. तरीही त्याला त्यात टिकाऊ लाभ दिसत नाही. मात्र खाणेपिणे आणि श्रमांतील सुख हे देवाचे दान आहे, असे तो त्याच अध्यायात म्हणतो.

वर्तमानाचा स्वीकार

उपदेशकाच्या नवव्या अध्यायात आनंदाने अन्न खावे, जोडीदारासह सुखाने राहावे आणि हाती आलेले काम सर्व शक्तीने करावे, असा उपदेश आहे. हा निष्काळजीपणाचा पुरस्कार नव्हे. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात उन्हाळ्यात अन्न साठवणारी मुंगी आदर्श मानली आहे. नव्या करारातील मत्तयाच्या सहाव्या अध्यायात उद्याची चिंता न करण्याची शिकवण येते. ही वचने एकत्र वाचल्यास विरोध तरतुदीला नसून चिंतेला आहे, असे दिसते.

पेरणीचा दृष्टान्त

उपदेशकाच्या अकराव्या अध्यायानुसार वाऱ्याकडे पाहत बसणारा पेरणी करत नाही आणि ढगांकडे पाहत राहणारा कापणी करत नाही. कोणते बी उगवेल हे ठाऊक नसल्यामुळे सकाळी पेरावे आणि संध्याकाळीही हात आखडू नये, असे तेथे सांगितले आहे. प्राचीन यहूदातील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून होती. त्या अनुभवातून हा दृष्टान्त आला आहे. महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण, कोरडवाहू शेतीच्या प्रदेशात त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पाऊस लांबला की पेरणी खोळंबते आणि पेरल्यानंतर पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणीचे संकट येते. दृष्टान्त यशाची हमी देत नाही. अनिश्चिततेमुळे हात थांबवू नये, एवढेच सांगतो.

मराठी अनुवाद

ख्रिस्ती नव्या कराराचा मराठी अनुवाद विल्यम केरी यांच्या पुढाकाराने १८११ मध्ये सेरामपूर येथे छापला गेला. पंडिता रमाबाई यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद केला. सामान्य स्त्रियांनाही समजेल अशी सोपी भाषा वापरण्यावर त्यांचा भर होता. पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी दुष्काळात निराधार झालेल्या अनेक मुली व स्त्रियांना आश्रय दिला होता. रमाबाईंचे ५ एप्रिल १९२२ रोजी निधन झाले. संपूर्ण अनुवाद १९२४ मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.